टॅपेट बोलतोय तोवर

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

काहीही बोलतो तो इथला मेस्त्री! म्हणे, "इंजिन बसायला आलंय, खोलावं लागंल." कशाचं बसतंय! मी सकाळी खिडकीतून ऐकलं ना. थंडीत किक मारली की टायमिंग चेन जरा वेळ खळखळते, वर तेल चढलं की गप. मग उरते ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या दांड्याची टिकटिक. ती राहणारच! पाण्यावरच्या इंजिनाच्या अंगावर पाण्याची गोधडी असते, आवाज आतच जिरतो. आपली गाडी हवेवर थंड होणारी, उघडीबोडकी. पोटातलं सगळं बाहेर ऐकू येतं.

हे सगळं मी चहा देता देता बोलून बसले. योगीराज हसले. (इथं तरी नवऱ्याचं नाव लिहिते. घरात नुसतं 'अहो'.) आत्याबाई — सासूबाईंना आत्याबाईच म्हणायचं — म्हणाल्या, "राजेश्री, गाडीतलं गड्यायला कळू दे. तू पोहे बघ."

पोहे करपले होते. ते मात्र खरं.

२६ नोव्हेंबर

लग्नाला नऊ महिने झाले. बैठकीतच ठरलेलं — पोरीची मेस्त्रीकी बंद. माझ्या वडलांनी, अण्णांनी, मान हलवली. त्यांना ऐकू तरी आलं होतं का, देव जाणे.

चारठाण्याला अण्णांचं गॅरेज आहे, तीस वर्षांपासून. चंद्रभान मेस्त्री म्हटलं की जिंतूरपर्यंत लोक ओळखतात. चार-पाच वर्षांत कान पार गेले त्यांचे. तेव्हापासून त्यांचे कान मी. पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ माझ्या कानाला. मी सांगायची कुठं वाजतंय, ते स्क्रू फिरवायचे. आणि आता मी इथं सेलूत. दोन खोल्या, अंगण, पत्र्याचं दार. योगीराज कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर गेले की दाराला आतून कडी. किराण्याला जायचं तरी आत्याबाई सोबत. माणसं वाईट नाहीत. मारत नाहीत, टाकून बोलत नाहीत. तरी जीव गुदमरतो माझा. कुणाला सांगावं तर म्हणतील, सुख टोचायलंय हिला.

२९ नोव्हेंबर

आज दारावरून अकरा गाड्या गेल्या. त्यातल्या दोन गाड्यांची चेन ढिली. सांगू कुणाला?

२ डिसेंबर

अण्णांच्या शेजारच्या सरजाबाईंचा फोन. अण्णांना फोनवर काहीच कळत नाही, निरोप त्याच देतात. म्हणाल्या, "तुझा बाप टॅपेट लय आवळायलाय बाई. दोघांचे व्हॉल्व जळाले. भांडून गेले लोक."

रडूच आलं. अण्णांचंच वाक्य — "टॅपेट बोलतोय तवर व्हॉल्व जित्ता. गप झाला की जळाला." तिथं बारीक फट ठेवावी लागते. इंजिन तापलं की लोखंड वाढतं, त्याला जागा पाहिजे. फट आहे म्हणून टिकटिक आहे. फट मारली की व्हॉल्व नीट मिटत नाही आणि जळून जातो. हे मला शिकवणारा माणूसच आता आवळत बसलाय, कारण त्याला टिकटिक ऐकायला येत नाही! मापाची पट्टी वापरा म्हटलं तर, "पट्टी शिकाऊ लोकांना." लय अकड.

सरजाबाईंचा आवाजही आज लांबून आल्यासारखा. हा फोन गेला वाटतं.

५ डिसेंबर

योगीराज गाडी खोलायला टाकणार होते. मी आडवीच झाले. म्हटलं, "पैज लावा. संक्रांतीपर्यंत खोलू नका. काही बिघडलं तर परत गाडीचं नाव काढणार न्हाई. न्हाई बिघडलं तर दर रविवारी मला चारठाण्याला जाऊ द्यायचं."

"गॅरेजात?"

"गॅरेजात."

स्वयंपाकघरात पातेलं आदळलं. योगीराजनी गाडीची किल्ली परत खिळ्याला अडकवली. मग म्हणाले, "बरं." एवढंच!

९ डिसेंबर

संध्याकाळी गाडी बंद केली आणि योगीराज तिथंच उकिडवे बसले. "हे टिंग टिंग काय तुटायलंय?" मी हसले. "तुटत न्हाई काही. तापलेला धातू थंड व्हायलाय, आक्रसताना वाजतं." मग ते विचारतच गेले. उतारावर फट् फट् का होतं? अॅक्सिलेटर सोडला की होतं, थोडं चालतं. मग वाईट आवाज कोणता? म्हटलं, "खालून धप धप आलं तर वाईट. आणि टॅपेट गप झाले तर त्याहून वाईट."

"गप झालेलं वाईट?" म्हणाले. "घरात तर उलटंय."

चेष्टेनं म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही.

१५ डिसेंबर

"तीनदा हाक मारली. बहिरी झालीस का गं?" — आत्याबाई. कालही तेच, परवाही तेच. सुनेनं काय चोवीस तास हाकेवर उभं राहायचं का? मलाही कधी माझ्यात राहू द्या की!

कुकरची शिट्टीही अडकलीय. होतच नाही. भात दोनदा करपला. शिट्टी धुतली, चिंध्या घालून पुसली. परत तेच.

२२ डिसेंबर, रविवार

लय आठवण येतेय अण्णांची. मी दहा वर्षांची असेन. गॅरेजात गिऱ्हाईक उभं असलं की अण्णा मला जवळ ओढायचे, "ऐक गं, सांग कसा वाजायलाय?" परीक्षाच घ्यायचे! सगळ्यांसमोर! चुकले तर गिऱ्हाईक हसेल म्हणून मी जीव कानात आणून ऐकायची. बरोबर आलं की गूळ-शेंगदाणे. तेव्हा त्यांना स्वतःला तर खणखणीत ऐकू यायचं, तरी मलाच विचारायचे. हात तेलानं भरलेले, म्हणून पेचकसाची मूठ दातात धरून काम करायचे. पुढचे दोन दात पार झिजलेले त्यांचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "ऊस लय खाल्लाय."

आणखी तीन आठवडे. गाडी ठणठणीत आहे. पैज मी जिंकणार!

३० डिसेंबर

दगा दिला. योगीराजनी दगा दिला मला.

आज गाडी दारात आली आणि टिकटिक नाही. नुसती खालची घरघर. टॅपेट एकदम गप! त्या मेस्त्रीकडं जाऊन आवळून आणले असणार. मी दारातच भांडले, शेजारीपाजारी बघत होते तरी भांडले. "व्हॉल्व जाळून पैज जिंकायलाव का?" म्हटलं. त्यांचं तोंड उतरलं. "आईची शप्पथ, कुणी हात लावला न्हाई गाडीला." आईची शप्पथ! इतकं खोटं बोलावं माणसानं? मला घरात ठेवायला एवढं करावं लागतं यांना?

३१ डिसेंबर

बोलणं बंद. जेवण वाढून ठेवते.

५ जानेवारी २०२५, रविवार

हात आवरला नाही. सगळे देवळात गेलेले. ट्रंकेतून माहेरची पट्टी आणि पाना काढला, गार इंजिनाचं टॅपेटचं झाकण उघडलं. दहा महिन्यांनी बोटाला तेल लागलं.

पट्टी सरकली. अलगद, पाहिजे तशी. फट बरोबर आहे. दोन्ही टॅपेटची. कुणी आवळलं नाही. योगीराज खरं बोलत होते.

झाकण लावून किक मारली. टिकटिक नाहीच. फट आहे तर वाजलंच पाहिजे! तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्याला धरलं. आत्याबाई. त्या कधी आल्या कळलं नाही. हातावरचं तेल बघून भडकल्या असत्या, पण मी आधीच विचारलं, "आत्याबाई, टिकटिक येतेय का हो?"

"म्हंजी? वाजायलीय की कवाची. कान किटले माझे!"

मी गाडी बंद केली. टिंग टिंगही आलं नाही.

कुकर. फोन. तीनदा मारलेल्या हाका. एकेक आठवत गेलं आणि मी तिथंच फरशीवर बसले. भीती वाटायलीय. लय भीती वाटायलीय.

८ जानेवारी

पैज जिंकले. संक्रांतीला सहा दिवस आहेत अजून, पण योगीराजनी आत्ताच हार मानली. योगीराज म्हणाले — तोंडाकडं बघून कळलं — "रविवारी मीच सोडतो." त्यांची माफी मागितली. का ते पूर्ण सांगितलं नाही.

कोणत्या तोंडानं जाऊ? अण्णांना माझे कान पाहिजेत. तेच नाहीत. सांगितलं तर इथं दवाखाना, मग ही कडी कायमची. नाही सांगितलं तर अण्णांना फसवायचं, आणि आणखी व्हॉल्व जळणार. दार उघडलं आणि पायच गेले माझे.

१२ जानेवारी, रविवार. चारठाणा

गॅरेजच्या शटरवर खडूनं लिहिलं — मलाही ऐकू येत नाही.

अण्णांनी वाचलं. दोनदा वाचलं. योगीराजनीही वाचलं. कुणी काही बोललं नाही, किंवा बोलले असतील. अण्णांनी आमची गाडी चालू केली, पेचकसाचं टोक झाकणाला टेकवलं, मूठ धोतराला पुसली आणि माझ्या दातात दिली.

टिक टिक टिक टिक! थेट डोक्यात. लख्ख.

मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी तोंड उघडून पुढचे दोन झिजलेले दात दाखवले. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

ऊस नव्हता तर. दातांनी ऐकायचे ते, आता तेही गेलं असणार. आणि ती परीक्षाही नव्हती.