खरं सांगायले फोन लागत नाही

दीक्षा बेटा,

“मम्मी, कंपनीसमोर पाण्याचं नावच काढू नका,” तू म्हटलं होतं. मी नाही काढलं. वंदना लावून फोन बुद्धमूर्तीपुढे ठेवला आणि तो फुलांच्या पाण्यात पडला, हे लपवलं. पण कंपनीची फोनवरची पोट्टी खोदून खोदून विचारत होती, तर तोंडून निघून गेलं, “सर्व्हिस सेंटरच्या भैय्यालालनं खोलला, तेव्हापासून बंद आहे.” त्यानं तर फक्त चार्जर लावून पाहिला होता.

आज दुपारी तो घरी आला. माझ्या तक्रारीवरून सेंटरच्या साहेबांनी त्याला कामावरून काढलं. रागावला नाही. “माताजी, मैंने तो खोला ही नहीं था. आप ही बोल दीजिए ना,” एवढंच म्हणाला. मी हव म्हटलं.

तेव्हापासून शेजारच्या कलावतीबाईच्या फोनवरून कंपनीले लावून राहिली. खोटं सांगायचं होतं त्या दिवशी झटक्यात लागला. आज नुसतं गाणं वाजून राहिलं. रोज पंचशील घेणाऱ्या बाईनं हे केलं. संध्याकाळची मेणबत्ती लावायले हात उचलला गेला नाही.

बंद फोनच्या बदल्यात कंपनीचा नवा फोन आता येणार नाही. तू स्वतःले दोष देऊ नको, त्या माणसाचं नाव मीच घेतलं.

भाजी कढईत आहे, भात तेवढा लावून घे. तुझ्या भावाले, संघर्षले, मीच सांगीन.

शंकर नगरच्या सेंटरवर साहेब आठपर्यंत बसतात. बंद फोन पिशवीत घेतला आहे. भैय्यालाल बाहेर चहाच्या ठेल्यापाशी थांबला असेल. निघते.

मम्मी