पोट माझं, पाठ सुनेची

३ नोव्हेंबर
केडगावच्या या नव्या घरात सामान लागायच्या आत घसरले! घोटा मोडला. डॉक्टर म्हणाले, दीड महिना पाय टेकवायचा नाही. एका जागी कधी न बसणारी मी! पलंग खालच्या खोलीत, खिडकीशी. मुलगा समर्थ सकाळी सुप्याला कंपनीत जातो, अंधार पडल्यावर येतो. दिवसभर मी अन् सून सुकन्या. लग्नाला तीन महिने झाले, पण दोघींना बोलायला विषय नाही. "चहा?" "ठेव." संपलं.

५ नोव्हेंबर
जेवले नाही. सुकन्याने भरलेलं ताट तसंच उचलून नेलं.

८ नोव्हेंबर
गंमत! बाहेर कडुनिंबाची फांदी आहे, पण खिडकीवरचा सज्जा आडवा येतो. फांदीवर कोणी बसलं की नुसतं पोट अन् शेपूट दिसतं. आज दिसलं लालभडक बूड! ओरडलेच, "लालबुड्या बुलबुल!" सुकन्याला वाटलं मी पडले. पोळी तव्यावर टाकून धावत आली. मग दोघी त्या बुडाकडे बघत हसलो. पोळी करपली.
लहानपणी राहुरीला अण्णांनी शेतावर शिकवलेली नावं अजून तोंडपाठ आहेत म्हणजे!

११ नोव्हेंबर
पांढरं पोट, काळी शेपूट, तिला पांढरी कड. डोकं मात्र सज्ज्याआड. सुकन्या म्हणाली, "थांबा, मी गच्चीवरून बघते!" पळालीच. वरून हाक, "तुम्हाला कोण वाटतंय?"
"दयाळ!"
जरा वेळाने, "डोकं काळं कुळकुळीत! पंखावर पांढरा पट्टा!"
दयाळच! पोट मी पाहिलं, पाठ तिने. दुपारी दोन भाकरी खाल्ल्या.

१७ नोव्हेंबर
पिवळंधमक पोट. मी म्हटलं हळद्या. वरून ओरडली, "व्हय! डोळ्यात काजळ घातल्यागत हाय!" घाईत तिची पाथर्डीची बोली निघते. मला आवडते. आज सांगितलं तिला तसं. लाजली.

२३ नोव्हेंबर
पोटावर आडव्या तांबूस रेघा. शिक्रा! वरून उत्तर, "चोच बाकदार! डोळे लई रागीट!"
"रागीट म्हणजे कसे गं?"
"ह्यांना पहाटं उठवलं की कसे बघत्यात, तसे!"
हसून हसून प्लास्टरमध्ये कळ आली.

२९ नोव्हेंबर
मला झोप लागली समजून आईशी फोनवर बोलत होती. "जेवत्यात आता पोटभर. न्हाई गं, मलाबी करमतंय आता." 'आता' म्हणजे आधी करमत नव्हतं! मी कधी विचारलंच नाही.

६ डिसेंबर
पानांतून पांढरी फीत लोंबत होती. वीतभर लांब! स्वर्गीय नर्तक! जन्मात एकदाच पाहिला होता. "सुकन्या, पळ! स्वर्गीय नर्तक आलाय!"
"काळं डोकं! तुरा! आई, काय देखणा हाय हो!"
संध्याकाळी समर्थला दोघींनी एकदमच सांगायला सुरुवात केली. त्याला काहीच कळलं नाही!

१५ डिसेंबर
प्लास्टर निघालं. काठी घेऊन घरातल्या घरात चालायची परवानगी.

१८ डिसेंबर
सुकन्या भाजी आणायला गेली होती. मला पाठ बघायची फार हौस! कठडा धरून, पायरी पायरी करत गच्चीवर गेले. पहिल्यांदाच.
गच्चीवरून ती फांदी दिसतच नाही. नुसता पाला. चारी कोपऱ्यांत जाऊन पाहिलं.
काळं डोकं, काजळ, रागीट डोळे... नाव मी सांगायचे, अन् पोरगी मोबाईलमध्ये बघून वर्णन ओरडायची! आधी राग आला. मग हसूच आवरेना. डोळे पुसले आणि ती यायच्या आत खाली येऊन पलंगावर पडले.
पिशवी ठेवता ठेवता विचारते, "दिसलं का काही, आई?"
"करडं पोट आहे गं कोणाचं तरी. जा, वर जाऊन पाठ बघ."