खारू फक्त मलाच सांगते

१९ डिसेंबर, सकाळ
सून म्हणाली, आई, तुम्ही फार बोलता, थोडं वहीत लिहा. तिला वाटलं मी रुसेन. मी लगेच वहीच मागून घेतली. वही निदान मध्येच कळलं कळलं म्हणत नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. मुलगा म्हणतो, आई, तुझं अक्षर म्हणजे मुंग्या फिरायला निघाल्यासारख्या. मुंग्या काय वाईट चालतात?

तर बातमी आनंदाची. खारूच्या पाठीचं ऑपरेशन ठरलं. खारू म्हणजे नात, वय चौदा, खारीसारखं कुरतडत जेवते म्हणून खारू. कणा वाकडा वाढलाय, एक्सरेत अगदी इंग्रजी एस. फ्रॉक एका खांद्यावरून घसरायचा तेव्हा मी दोन शिंपी बदलले होते. दोघेही तसे सुमारच.

१९ डिसेंबर, दुपार
दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून धोके सांगितले. मुलगी हडकुळी, रक्त कमी, बाक मोठा, म्हणून जखम चिघळायची भीती हिला इतरांपेक्षा जास्त. आत दांडे नि स्क्रू राहणार; जंतू एकदा त्यांना चिकटले की हटता हटत नाहीत. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याने स्क्रू कुठल्या धातूचे ते विचारलं. सून काचेच्या कारखान्यात बाटल्या दिव्यासमोर धरून तडे शोधते. तिचे प्रश्न संपेचनात. ताप किती आला की कळवायचं, ओल दिसली तर कोणाला फोन करायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच दिवशी कळवा, उद्यावर टाकू नका.

मी एकच विचारलं, पोरीला भात कधी चालेल? डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणजे मुद्द्याचं मीच विचारलं.

धोके सगळ्यांनाच सांगतात. बसमध्ये हात बाहेर काढू नका असं लिहिलेलं असतं, म्हणून काय सगळ्यांचे हात तुटतात?

संकल्प : खारूचं वजन वाढवणे. जबाबदारी माझी.

२ जानेवारी
वजन मोहीम जोरात. अंडं, दूध, केळं, बटाटा. खारू अर्धं खाते. उरलेलं मी संपवते, वाया जायला नको. आज दवाखान्यात तिचा काटा जरा हलला, डॉक्टरीणबाई चालेल म्हणाल्या. माझे ब्लाऊज का आटले कोण जाणे. साबण खराब आलाय.

१४ जानेवारी
ऑपरेशन. सकाळी आत नेली. मी अजिबात घाबरले नाही. रुमालाचं टोक चावून चिंध्या झाल्या ते वेगळं. शेजारच्या बाईंना वेळ जावा म्हणून माझ्या बाळंतपणांपासून सगळं सांगितलं. त्या खुर्ची बदलून गेल्या. काही माणसं आतल्या गाठीची असतात.

संध्याकाळी बाहेर आणली. अंगठे हलव म्हटल्यावर दोन्ही हलले. मुलगा भिंतीकडे तोंड करून रडला. सून रडली नाही, नळ्या तपासत होती.

१७ जानेवारी
उभी केली! सरळ! दोन बोटं उंच झाली. वर्गातली कार्टी हिला कमान म्हणायची. आता म्हणा.

२० जानेवारी
घरी. वाकायचं नाही, वळायचं नाही, वजन उचलायचं नाही, जखम कोरडी ठेवायची. सुनेने थर्मामीटर दिला, दिवसातून दोनदा लावा म्हणाली. लावीन की. पण माझा हात काय थर्मामीटरपेक्षा कमी आहे? या हातांनी तिच्या नवऱ्याचे गोवर-कांजिण्या काढल्यात.

१ फेब्रुवारी
रोज संध्याकाळी सून टॉर्च घेऊन जखम बघते. कोरडी. तरी बघते. तिला सगळीकडे तडाच दिसतो, बिचारीचा धंदाच तसा.

आता तिची पाळी बदलली. दुपारी जाईल, येईल तेव्हा खारू झोपलेली. मुलगा तर कुठल्या ना कुठल्या लिफ्टच्या डोक्यावर. म्हणाली, आई, नीट बघाल ना? मी म्हणाले, तू निर्धास्त जा. ती दारातून दोनदा परत आली.

६ फेब्रुवारी
आज फार मोठी गोष्ट झाली.

दुपारी खारूने हळूच बोलावलं. गंजी कमरेच्या वर ओली. म्हणाली, आजी, घामच आहे ना गं? मी बघितलं. पट्टीच्या खालच्या टोकाशी थोडं ओलसर. म्हटलं, घामच. मग म्हणाली, आईला सांगू नकोस. ती लगेच दवाखान्यात नेईल नि सोमवारची शाळा बुडेल. डॉक्टरीणबाईंनी अर्धा दिवस शाळेला हो म्हटलंय. तिला वर्गात ताठ चालत जायचंय, सगळ्या कार्ट्यांच्या समोरून.

मी वचन दिलं. घरात एवढी माणसं, आणि पोर सांगते कोणाला? मला! चौथी पासला! ऊर नुसता भरून आला.

गंजी स्वतः धुतली. दाराआड वाळत घातली.

७ फेब्रुवारी
पुन्हा घाम. थंडीत घाम येतो कधीकधी, वाढतं वय आहे. गंजीला जरा वास. साबणाचाच दोष, म्हटलंच होतं मी.

सुनेचा कारखान्यातून फोन. आई, ताप? मुळीच नाही. मोजलात का? मोजल्यासारखाच. म्हणजे? म्हणजे मी बघते आहे ना, तू बाटल्या बघ. मुलगा जवळच होता, म्हणाला, आई, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी लक्ष दिलं नाही.

८ फेब्रुवारी
कपाळ कोमट. पण मी नुकतीच किटली उतरवली होती, हातच गरम, त्यामुळे ते कोमट धरता येत नाही. थर्मामीटर लावणार होते. खारू म्हणाली, राहू दे गं आजी. राहू दिला. आजाऱ्याच्या मनाविरुद्ध जाऊ नये.

सूप तिला नको होतं. मी प्यायले. मीठ कमीच पडलं होतं.

९ फेब्रुवारी
सुनेने सकाळी विचारलं, बघू जखम. खारू पटकन म्हणाली, आजीने आत्ताच बघितली. सून माझ्याकडे वळली. मी म्हणाले, कोरडी ठणठणीत.

मी खोटं बोलले असं नाही. सकाळपासून बघितली नव्हती, तेव्हा ओली म्हणून सांगायचं तरी कसं?

मग उगाच बाटल्यांची चौकशी केली. हिरव्या जास्त फुटतात की पांढऱ्या? सुनेने टॉर्च उचलला, माझ्याकडे बघितलं नि परत ठेवला.

दुपारी खारू कुशीवर वळताना कण्हली. म्हटलं, सांगू या का आईला? तिने माझा हात घट्ट धरला. प्रॉमिस केलंयस तू. तिचा हात चांगलाच तापला होता. म्हटलं, उद्या शाळा झाली की सांगू. एका दिवसाने काय होतंय?

संकल्प : उद्या नक्की सांगणे.

१० फेब्रुवारी
युनिफॉर्म घालून उभी राहिली नि दात वाजायला लागले. खुर्चीत बसवली तर खुर्चीसकट थडथडत होती. सून धावत आली, थर्मामीटर लावला. आकडा बघितला. दाराआडची गंजी काढली, खिडकीपाशी धरली. धुतलेल्या कापडावर पिवळी कड दिसली. मला कालपर्यंत दिसली नव्हती. खरंच नव्हती.

सून मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

ॲम्ब्युलन्समध्ये मला जागा नव्हती. होती, पण तिथे मुलगा बसला.

११ फेब्रुवारी
जखम पुन्हा उघडली. आतून धुतली. दांडे तूर्त ठेवलेत. जंतू त्यांच्यापर्यंत पोचलेत का ते पुढच्या काही दिवसांत कळेल. पोचले असतील तर परत उघडायची, कदाचित सगळं काढायचं, आणि मग कणा पुन्हा वाकायला मोकळा. मी म्हणाले, आम्हाला घाम वाटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी आणली असतीत तर एवढं वाढलं नसतं. आम्हाला म्हटलं मी. वाटला मलाच होता.

१३ फेब्रुवारी
ताप उतरतोय. डॉक्टरीणबाईंनी खारूला विचारलं, बाळा, कोणाला सांगितलं नाहीस का? मी खुर्चीत सावरून बसले.

आजीला सांगितलं, म्हणाली. आईला का नाही? आईने बघितलं असतं, म्हणाली. आजी मी म्हणेन त्याला हो म्हणते. मी घाम म्हटलं की आजी घाम म्हणणार, मला माहीत होतं. म्हणून तिलाच सांगितलं.

रागाने नाही म्हणाली. पाय दुखतो म्हणावं तसं म्हणाली.

सूप आणते सांगून बाहेर आले. सूप आणलं नाही.

१८ फेब्रुवारी
दांडे बहुतेक वाचतील. बहुतेक. औषध खूप दिवस चालणार.

आज नर्सबाई पट्टी बदलायला शिकवायला आल्या. मी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले, चष्मा पुसून. त्यांनी विचारलं, घरी जखम कोण बघणार? मी हात वर केला. खारू म्हणाली, आई.

हात खाली घेतला. सुनेने माझ्याकडे बघितलं नाही, हातमोजे चढवले, वाकली नि बघायला लागली.

खारूला दुखत होतं. उशीत तोंड घालून म्हणाली, आजी, तू बाहेर नको जाऊस, तू बोल काहीतरी, काहीही.

मी तोंड उघडलं. काहीच सुचेना.