तीन सेकंदांच्या आत

६ जानेवारी

वही दिवाळीत आणली, लिहितोय आज. रोज बसायचं ठरवलं की काहीतरी आडवं यायचं — बहुतेक वेळा मीच!

डिप्लोमा अर्धा सोडला. मग हॉटेल, कुरियर, मोबाइल-दुरुस्ती. आता म्हैसूरजवळ कडकोळला विजयेंद्र सरांच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात. चार महिने टिकलोय. आईने नारळ फोडला.

आमचा काटा सुरू होताना आतल्या प्रत्येक फाइलवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते तपासतो. कुणी वजनाचा प्रोग्रॅम बदलला, तर काटा सुरूच होत नाही. उत्तम! फक्त फायली बासष्ट, वेळ चौदा सेकंद. हुणसूरला मल्हाररावांची आल्याची वखार आहे, तिथे वीज सारखी जाते. दर वेळी माणसं पोती धरून काट्याकडे संशयाने बघत उभी. सर म्हणाले, तीन सेकंदांत आण, कायम करतो.

८ जानेवारी

लष्कर मोहल्ल्यात केबल आणायला गेलो. एका दुकानात जुना रेडिओ उघडून ठेवला होता. तीन तास बघत बसलो. केबल राहिली.

१० जानेवारी

सापडलं! लग्नाच्या दारात प्रत्येक पाहुण्याची पत्रिका कशाला तपासायची? सगळ्या फायलींच्या ठशांची (फाइल जराही बदलली की तिचा ठसा बदलतो) एकच यादी करायची आणि यादीवर एकच सही. दोन पूर्णांक एक सेकंद!

सरांनी पाठ थोपटली. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या, बी.ई. झालेल्या स्मृतीला म्हणाले, शिका जरा. ती हसून ‘छान केलंस’ म्हणाली. तेच जास्त लागलं. संध्याकाळी बारा काटे हुणसूरला रवाना.

१३ जानेवारी

काम नव्हतं, म्हणून सुम्ने, उगाचच, गंमत केली. एका काट्यात सुरू होताना दिसणारं ‘नमस्कार’ काढून ‘काय राव, आलात?’ टाकलं. सही वगैरे काही नाही. काटा अडायला हवा होता. दोन सेकंदांत पडद्यावर — काय राव, आलात?

यादीवरची सही तपासतो मी. पण आत येणाऱ्याचा ठसा यादीतल्या ठशाशी जुळवायचा असतो — तेच विसरलो! म्हणजे यादी खरी, पाहुणे कोणीही.

१४ जानेवारी

दुरुस्त केलं. ठसे जुळवायला वेळ लागतो. तीन पूर्णांक चार.

१५ जानेवारी

संक्रांत. सरांच्या घरी तिळगूळ द्यायला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. फक्त त्यांना.

सरांनी एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे इकडच्या तिळगुळाची, पुडी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, “आत्ता तीनच्या आत चालतंय ना? मग सुम्ने इरप्पा, गप्प राहा. तुला न् मला सोडून कोणाला ठाऊक आहे?”

गोड खाऊन गोड बोलायचं. न बोललेलंही चालतं, असं दिसतं.

१८ जानेवारी

कायम. तोंडीच, पत्र मागाहून. शब्द बरा वाटतो.

२१ जानेवारी

मला ताप आलाय असं सरांना कळवलं आणि हुणसूरची बस धरली. मल्हारराव वखारीत नव्हते. कारकून जगन्नाथराव म्हणाले, सर्व्हिसिंग? करा की, फुकट असेल तर.

बाराही काट्यांत फक्त तपासणीचा नवा भाग टाकला, बाकी कशाला हात लावला नाही. अकरा सुरू झाले. तीन पूर्णांक चार — कोणी मोजलंही नाही! बारावा, फाटकावरचा, ज्यावर शेतकऱ्यांची पोती घेतात, तो अडला, दिवा लाल. ठसा जुळत नाही.

आत बघितलं. वजनाचा प्रोग्रॅम सतरा तारखेला बदललाय. साठ किलोचं पोतं अठ्ठावन्न दाखवतो.

पंधराला मी एकाच माणसाला सांगितलं होतं.

रांगेतल्या एका बाईने विचारलं, बिघडला का? हो म्हटलं. म्हणाली, “बरं झालं. चार दिवस जरा जास्तच चांगला चालत होता.”

बदललेल्या प्रोग्रॅमची प्रत घेतली. लाल दिवा तसाच ठेवून निघालो.

२२ जानेवारी

सकाळीच दाराशी मोठी गाडी. मल्हारराव. स्वतः! पाकीट आईच्या हातात दिलं आणि बाहेर बसलेत, माझी वाट बघत. आईने उघडलंसुद्धा, वाचून देवापुढे ठेवलं — मला कायम केल्याचं पत्र. खाली विजयेंद्र सरांची सही.