वाळूत संपणारी नदी

ज्याच्या कृपेने शब्दाला अर्थ आणि म्हातारपणाला नातवंडे लाभतात, त्या दयाघनास आधी वंदन. धाकट्या बंधूस थोरल्याचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? माझे शरीर ठणठणीत आहे. मन मात्र चार दिवस अंथरुणाला खिळले आहे. कारण, पुठ्ठ्याची एक चकती.

नातीला (वय नऊ, वाणी वकिलाची) एक खेळ भेट मिळाला. पिशवीतून एकेक षट्कोनी चकती काढायची आणि नदीला नदी, रानाला रान, वाटेला वाट जोडत भूप्रदेश उभा करायचा. सृष्टिरचनेचे काम म्हणून मी स्नान करूनच बसलो. पहिल्या चकतीला नमस्कार केला, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, ठेवा हो पटकन, पूजा नाही ही!" असो. नातीची नदी अकरा चकत्या लांब झाली. वळणे अशी सुरेख, की माझे हात पुन्हा जुळले. आणि नेमकी माझ्या हाती ती चकती आली, जिच्यावर नदी वाळूत शिरते आणि तिथेच संपते! असा शेवट झाला की नदीच्या मालकाला दुप्पट गुण. (हा नियम करणारा नदीकाठी कधी डोळे मिटून बसलेला नसावा.) जन्मभर जिला माता म्हटले, तिला मी स्वहस्ते वाळूत पुरू? कोणी पाहत नाही असे पाहून मी चकती शेजारच्या पोथीत सरकवली आणि दुसरी काढली. नात बिचारी शेवटपर्यंत म्हणत राहिली, "शेवटाची चकती येत कशी नाही?"

सूनबाई औषधांच्या दुकानात काम करते. गोळ्या मोजून मोजून तिची नजर तराजू झाली आहे. तिने खेळाचा डबा हातात घेतला आणि म्हणाली, "साठ हव्यात, एकोणसाठ आहेत. मोजून ठेवायचं काम कुणाचं होतं?" काम नातीचे होते. चकती सापडेपर्यंत डबा कपाटावर गेला. नातीने सोफ्याखाली पाहिले, चपलांत पाहिले, केराचा डबा पालथा केला. "आजोबा, उठा ना, तुमच्याखाली बघू दे," म्हणाली. मी पोथी बगलेत घेऊन उठलो आणि नामस्मरण करीत उभा राहिलो. (इतके निष्फळ नामस्मरण माझ्या हातून कधी घडले नव्हते.) शेवटी रडत म्हणाली, "माझ्याच हातून हरवली. तुम्ही देवाला विचाराल का कुठंय ते?" मी म्हटले, विचारतो. बंधो, सत्यावर चाळीस वर्षे निरूपण केलेला हा मनुष्य, सत्य बगलेत धरून बसला आहे!

तुझा थोरला.

ता. क. : चकती याच पाकिटात आहे. रविवारी ये, सोफ्यावर बस आणि "अरे, हे काय?" असे म्हणून ती काढून दे. तुझा चेहरा निष्पाप आहे.

पुन्हा ता. क. : पाकीट उघडले आहे. तिकीट लावायला आलेल्या नातीने विचारले, "आत कडक काय आहे?" माझ्याने खोटे बोलवेना. सर्व सांगितले, नदीमातेचे कारणही सांगितले. तिने चकती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "पण आजोबा, नदी माझी होती ना. आणि ओरडा मी खाल्ला." मी सूनबाईसमोर उभा राहून अपराध कबूल केला. तिने साठ मोजल्या आणि डबा खाली काढला. शिक्षा म्हणून पुन्हा ती नदी मांडून तो शेवट मलाच जोडावा लागला. चकती नदीपाशी नेऊन मी दोनदा मागे घेतली. तेव्हा नात कानाशी म्हणाली, "घाबरू नका. वाळूपुढे समुद्र आहे. चकत्या संपल्या, म्हणून दिसत नाही."

आता हे पत्र घरातील सर्वांनी वाचले आहे, तू शेवटचा. तेव्हा वाचणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण होवो, आणि ज्याची वाट वाळूत हरवली असेल, त्याच्या कानाशी असेच कोणी बोलो.