तुमच्या नावाची पॉलिसी

आबा, गाडी माझ्या नावावर झाली. आरटीओचं नवीन कार्ड गेल्या महिन्यात आलं आणि विम्याचे कागद काल आले, म्हणजे आता सगळं सरळ झालं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही चिडणार आहात. तुम्ही गेल्यानंतर नऊ वर्षं गाडी तुमच्याच नावावर होती. दरवर्षी विमा भरला, एकदाही तारीख चुकवली नाही, पण तुमच्या नावानं. अर्जावर सहीसुद्धा तुमचीच असायची. मधे एकदा पासिंग आलं, तेही तसंच उरकलं. इंदापूरचा जुना एजंट काही विचारायचा नाही आणि मीही सांगायचे नाही. घरात कुणी विषय काढला तर म्हणायचे, वारसाचे कागद गोळा करायला सवड कुठाय, शाळा आहे, परीक्षा आहेत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी माझ्या परीक्षा चालूच होत्या. मास्तरणीला कोण बोलणार?

तुमची सही मला सातवीपासून येते, हे तुम्हाला माहीत आहेच. गणितात नापास झाले होते आणि प्रगतिपुस्तक दाखवायची छाती झाली नाही, म्हणून मीच ठोकून दिली होती. तुम्ही साखर कारखान्यातून आलात, अजून अंगात ड्रायव्हरचा खाकी शर्ट, आई चुलीपुढं भाकरी थापतेय, आणि माझं दप्तर नेमकं तुमच्या पायाशी उघडं पडलेलं. तुम्ही पुस्तक चाळता. "ही कुणी केली?" "तुमीच केली की, आबा." मला वाटलं आता पाठीत बसणार. तुम्ही माझ्याच कंपासपेटीतलं पेन घेतलंत, माझ्या सहीखाली तुमची सही केलीत आणि पुस्तक परत दिलंत. "घिऊन जा. गुरुजीस्नी बगू दे खरी कुठली ती." मार खाल्ला असता तर दोन दिवसांत विसरले असते. त्या दोन सह्या घेऊन निरवांगीच्या शाळेत मी कशी चालत गेले, ते मला अजून आठवतं. गुरुजींनी दोन्ही सह्या बघितल्या आणि वर्षभर मला पहिल्या बाकावर बसवलं.

गाडी आली तीही त्याच वर्षी. कारखान्याच्या मोठ्या साहेबांची जुनी काळी मोटार, गोल बॉनेटची, गिअर स्टिअरिंगला असलेली. तुम्हीच ती पंधरा वर्षं चालवली होती. लिलावात तिला भंगारवाल्याशिवाय कुणी विचारत नव्हतं, आणि तुम्ही भंगारवाल्याच्या वर बोली लावून आलात. आई आठ दिवस तुमच्याशी बोलली नाही. "त्यात दोन म्हशी आल्या असत्या," एवढंच ती भिंतीला ऐकवायची. मग वैशाखात शेजारच्या मुलीचं लग्न झालं आणि पाठवणीच्या वेळी तिला टेम्पोत बसवायला लागले, कपाट आणि भांड्यांच्या मधे. तुम्ही मांडवातून उठलात. "पोरगी भांड्याकुंड्यात बसून जायची न्हाय. थांबा, गाडी काढतो." तेव्हापासून निरवांगीची प्रत्येक मुलगी आपल्या गाडीतून सासरी गेली. पुढं कळंबची लोकं यायला लागली, मग आणखी लांबची. भाडं तुम्ही कधी घेतलं नाही. टॉवेल-टोपी आणि नारळ, बस्स.

मीही त्याच गाडीतून गेले. मी मागच्या सीटवर रडतेय आणि तुम्ही पुढं बघून चालवताय. अर्ध्या वाटेवर तुम्ही गाडी बाजूला घेतली, खाली उतरलात आणि बॉनेट उघडून किती तरी वेळ उभे राहिलात. जावयानं विचारलं, काय झालं, तर म्हणालात, "गरम झालीया." गाडीला काही झालं नव्हतं, आबा. आदल्या वर्षी तुम्हीच मला पाटाच्या रस्त्यावर गाडी शिकवली होती, गाडी गरम झाल्यावर कशी वागते ते मला चांगलं कळत होतं. लग्नात तुम्ही दिलेल्या दागिन्यांतलं बरंचसं कामाला आलं नाही, पण लग्नाआधी मला पुण्याला नेऊन काढून दिलेलं लायसन रोज कामाला आलं. तुमच्यानंतर पाठवणीची गाडी मी चालवते. सुरुवातीला लोक दचकायचे. आता मुली स्वतःच सांगतात, मावशीच पाहिजे.

तर गेल्या माघात कळंबचं लग्न होतं. मागं नवरा-नवरी आणि करवली. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, आणि चढावर तो एकदम थांबला. मी ब्रेक दाबला तर पायाखाली काहीच नाही, पेडल सरळ तळाला. हातब्रेक ओढला आणि गाडी डावीकडं घातली. तिथं एक माणूस मोटारसायकल उभी करून चाऱ्याचा भारा बांधत होता. मोटारसायकल आडवी झाली, भारा उडाला आणि माणूस दिसेनासा झाला. मोजून चार-पाच सेकंद असतील. तेवढ्यात मी म्हातारी झाले. मग शेजारच्या पाण्याच्या चारीतून तो वर आला, गुडघ्यापर्यंत चिखल, कोपर खरचटलेलं, आणि आल्या आल्या मलाच ओरडला, "आवं मला काय न्हाय झालं, आदी पोरीला बगा!" पोरगी मांडवातून निघाल्यापासून हुंदके देत होती, ती आता अगदी शांत होती. नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्या नाकावर आल्या होत्या. तीच पुढं वाकून मला म्हणाली, "मावशी, तुमाला लागलं न्हाय ना?"

दुसऱ्या दिवशी मी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "मालक बोलतात का?" मी म्हटलं, "नाही, ते बाहेर गेलेत." "कधी येतील?" "सांगता येत नाही." फोन ठेवला आणि मला हसू फुटलं. मला हे तेव्हाच तुम्हाला सांगता आलं असतं तर तुम्हीही हसला असता. मग मी कागद घेऊन दोन घरं सोडून राहणाऱ्या तात्यांकडं गेले. तात्या सोसायटीतून निवृत्त झालेत, आता विम्याची कामं करतात. त्यांनी चष्मा पुसला, पॉलिसी वाचली आणि विचारलं, "ह्ये कोण?" मी म्हटलं, माझे वडील. "हायती?" मी नकारार्थी मान हलवली.

"ताई, मालक गेल्यावर थोडं म्हैनं चालतं, तेवढ्यात नाव बदलून घ्यायचं असतं. तुमी नऊ वर्सं नुसता कागद सांभाळला." मी विचारलं, त्या चारीतल्या माणसाला काही झालं असतं तर? "तर कंपनीनं हात वर केलं असतं. आन् मागं बसल्याल्या पोरीचं इचारूच नका." मी तिथंच बसून आठवायला लागले, या नऊ वर्षांत किती मुली नेल्या. कुणाची लेक, कुणाची नात. त्यांच्या आयांनी माझी ओटी भरली होती आणि मी त्यांना कशाच्याही भरवशाविना ट्रॉल्यांमधून घेऊन गेले होते. तुमचं नाव कागदावर होतं म्हणून मला वाटायचं, तुम्ही आहात. मला स्वतःचीच इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या माणसाची मोटारसायकल मी दुरुस्त करून दिली, गाडीच्या सगळ्या ब्रेकच्या नळ्या नव्या घातल्या आणि तात्यांना सांगितलं, आता पहिल्यापासून करू.

नाव बदलणं पुढं झालं, त्याआधी विमा कोणता घ्यायचा यावर तात्यांनी आणि मी चार दुपारी घालवल्या. साध्या विम्यात गाडी जितकी जुनी तितकी तिची किंमत कमी धरतात. म्हणजे आपल्या गाडीची भंगाराइतकी, लिलावात होती तशीच. पण हौशी लोकांच्या जुन्या मोटारींसाठी वेगळा विमा असतो, हे मला नव्यानं कळलं. त्यात किंमत आधीच ठरवतात आणि गाडीचं काही झालं तर तेवढी मिळते. अशा गाडीची नोंदणीही वेगळी करता येते, नंबरप्लेट वेगळी, मान वेगळा. तात्यांचे डोळे चमकायला लागले होते. "तुमच्या दारात सोनं हुबं हाय, ताई." फक्त मग गाडीनं घरात राहायचं. प्रदर्शनाला जायचं, वर्षातून थोडी फिरवून आणायची, आणि लग्नाबिग्नाला नाही. तात्यांनी आवाज खाली आणला. "येक वळ लिवायची, गाडी घरीच असती. लगीनसराईत नेली तर कोण बगाय येतंय?"

माझ्या हातात पेन होतं, आबा. खोटं सांगणार नाही, मी अर्जावर वाकले होते. नऊ वर्षं दुसऱ्याची सही करणाऱ्या बाईला एका ओळीचं काय विशेष? पण मला ते प्रगतिपुस्तक आठवलं आणि कानामागं गरम झालं. मी तात्यांना म्हटलं, गाडी पाठवणीला जाणार, असं लिहा. टॉवेल-टोपी, नारळ आणि कधी कधी मला साडी मिळते, तेही लिहा. तात्या हसून हसून खोकायला लागले. "नारळ म्हंजी भाडं का, आसं कंपनीला इचारू म्हंता?" मी म्हटलं, विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात मी दोन लग्नं परत पाठवली. वडगाव निंबाळकरहून एक बाप आला होता, लग्नाची तारीख लांब होती पण त्याला आधीच शब्द हवा होता. त्याला म्हटलं, विमा नाही, शब्द देता येत नाही. तो म्हणाला, "विमा कवा हुता? आबांच्या टायमाला कुणी इचारलंय का?" मी सांगितलं, आबांच्या टायमाला आबा होते. तो बिचारा चहा घेऊन गेला. मी खिडकीतून गाडीकडं बघत बसले आणि पहिल्यांदाच मनात आलं, की उत्तर नाही असं आलं तर ही गाडी उभीच राहील, पुसलेली, किमती, आणि पुढची पोरगी टेम्पोत बसेल.

उत्तर आलं. भाडं ठरवून घेत नसाल आणि गाडी खासगीच वापरत असाल तर चालेल, यजमानानं खुशीनं दिलेला नारळ आणि कपडे हे भाडं नव्हे. तात्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा जरा जोरात. मी साधाच विमा घेतला. गाडीची किंमत जमेल तेवढी धरून घेतली, रस्त्यावरच्या माणसासाठी पूर्ण भरपाई, आणि वर जादा पैसे भरून गाडीत बसणाऱ्या प्रत्येकासाठी अपघाताचं संरक्षण. तात्या कुरकुरले, "गाडीपरीस बसणाऱ्यांचाच इमा जास्त करतीया." मी म्हटलं, होय. जुनी नंबरप्लेट तशीच राहिली. गाडी कधी जळाली-मोडली तर मला तिच्या सोन्याचं मोल मिळणार नाही, हे मला समजून-उमजून चालतंय.

गेल्या रविवारी वडगावच्या त्याच बापाच्या मुलीची पाठवणी केली. पॉलिसीचा नंबर फोनवर आला होता, कागद यायचे होते. पोरगी मागं रडत होती, पुढं ट्रॉल्या होत्या, सगळं नेहमीसारखंच. तिला सासरच्या दारात उतरवून परत निघाले तेव्हा लक्षात आलं, माझे खांदे दुखत नाहीयेत. दरवेळी दुखायचे, मला वाटायचं वयानं. गाडी बाजूला घेतली, बॉनेट न उघडता नुसतीच बसून राहिले. फार हलकं वाटलं, आबा.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तात्यांना न सांगितलेलं एक सांगते. वारसाच्या कागदांना काहीच त्रास नव्हता, दोन चकरांत काम झालं. सवडीचं मी खोटं सांगत होते. तुम्ही गेल्यावर बँकेनं तुमचं नाव काढलं, मग रेशनकार्डावरून गेलं, मतदारयादीतून गेलं, कारखान्याची सभेची नोटीस यायची बंद झाली. एक विम्याचं पाकीट तेवढं यायचं, पत्ता माझा आणि नाव तुमचं. इथल्या, माझ्या सासरच्या पोस्टमनला तुम्ही ठाऊक नाही. वर्षातून एकदा तो दारात उभा राहून तुमचं पूर्ण नाव मोठ्यानं घ्यायचा आणि मी आतून म्हणायचे, आले. काल त्यानं माझ्या नावानं हाक मारली. तो दुसऱ्यांदा ओरडेपर्यंत मी ओ दिली नाही.