खाणीच्या कातळावरची खोली

आई, परवा मुलीने आणून दिलेल्या एका जुन्या पुस्तकात वाचलं, की भूकंपाचा हादरा सगळीकडे सारखा विरत नाही. हिमालयाकडचा खडक चुरलेला, भेगाळलेला. तिथे तो लवकर दमतो. आपल्या दख्खनच्या जुन्या, सलग कातळातून मात्र लांबवर जातो. वाचता वाचता मुलुंडची आपली खोली आठवली आणि मी चष्मा काढून ठेवला.

बाबा दगडखाणीत सुरुंग लावायचे. आत्याची चाळ खाणीला लागूनच, पण नाल्यापलीकडे, मातीच्या भरावावर. तिच्या शेजारची खोली रिकामी होती, नळही दारात. तू हट्टाने लांबची घेतलीस, खाणीच्याच कातळावरची. आत्या चिडवायची, "वहिनी, लांब राहून रोज हादरे खायची हौस बाई तुला." तू म्हणायचीस, "असू दे. कळतं तरी."

आज किती सुरुंग, ते बाबा सकाळी सांगून जायचे. जेवणाआधी तू फरशीवर तळहात टेकून बसायचीस. आवाजावर तुझा भरवसा नव्हता, तो डोंगरावर आपटून दोनदा यायचा. हादरा मात्र सुरुंगागणिक एकच. सगळे आले की उठून भात टाकायचा. एके दिवशी शेवटचा हादरा आलाच नाही. न फुटलेल्या सुरुंगाकडे परत जायचं काम बाबांचंच, हे मलाही ठाऊक होतं. तू स्टोव्ह बंद करून दारात बसलीस. भूक लागली म्हटलं तर "गप बस" म्हणालीस. इतकं तोडून तू कधी बोलली नव्हतीस. बऱ्याच वेळाने मांडणीवरची भांडी किणकिणली, तरी तू उठली नाहीस. धुळीने माखलेले बाबा वळणावर दिसले तेव्हा उठलीस. "दारात काय बसलीयस? भात टाक," ते म्हणाले. तू टाकलास.

खाणीच्या जागी आता टॉवर आहेत. माझे हे गेले, त्यालाही वर्षं झाली. आठवण येते, रोज येते, पण मी बरी आहे. वाचायला वेळ मिळतो. मुलगी म्हणते, "दहिसरला ये ना, लिफ्ट आहे." बघू म्हणते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. हल्ली जवळच बोगदा खणतायत, दुपारी फरशी थरथरते. मी तळहात टेकून बसते. थांबलं की उठून भात टाकते, अजून दोघांपुरता. आणि सगळा खाते.